पायाला क्लच आठवतो

दहा-बारा वर्षं ट्रकपासून दूर राहिलेल्या माणसाला विचारून पाहा, रिव्हर्स गिअर कुठे पडायचा? तो क्षणभर थांबतो, उजव्या हाताने अदृश्य स्टेअरिंग धरतो, डावा हात हवेतल्या दांड्यावर नेतो, एक झटका देतो आणि मग तोंडाने सांगतो, "हा, असा. डावीकडं दाबून माघं." म्हणजे उत्तर त्याच्या हाताकडे होतं. त्याने ते हाताला विचारलं आणि मग आपल्याला सांगितलं. आपल्याच शरीरात आपल्याला थेट वाचता न येणारं इतकं ज्ञान दडलेलं असावं, याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे.

उमरेडमध्ये अशी माणसं शोधत फिरावं लागत नाही. गावाला लागून कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडचं उमरेड क्षेत्र, त्यात मकरधोकडा आणि गोकुळसारख्या खाणी. पलीकडे भिवापूरची मिरची, अलीकडे पन्नासेक किलोमीटरवर नागपूर आणि कळमन्याचा बाजार. कोळसा, गिट्टी, रेती, मिरची, सोयाबीन, सगळं चाकांवरच जातं. त्यामुळे इथल्या किती तरी घरांत कुणी ना कुणी कधी तरी ट्रकवर होता. मग कुणी शेतीकडे वळला, कुणी बुटीबोरीच्या एमआयडीसीत नोकरीला लागला, कुणाला कंबरेने बसवलं, कुणाच्या घरी आजारपण आलं. आणि वर्षं उलटल्यावर पोरांची फी, घराचा हप्ता किंवा एखाद्या टिप्पर मालकाचा फोन त्याला पुन्हा केबिनपर्यंत घेऊन येतो. तो चढतो. डावा पाय आपोआप क्लचवर जातो. गाडी निघतेसुद्धा.

ती निघते कशी, हे कोडं विज्ञानाला फार उशिरा उलगडू लागलं. त्याचं श्रेय बऱ्याच अंशी एका अमेरिकन रुग्णाला जातं. हेन्री मोलेसन त्याचं नाव. अपस्माराचे झटके थांबवण्यासाठी १९५३ साली त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, पण नवीन काही लक्षात ठेवण्याची त्याची शक्तीच गेली. थोड्या वेळापूर्वी भेटलेला माणूस त्याला पुन्हा अनोळखी वाटे. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला एक काम दिलं: फक्त आरशात बघत चांदणीची आकृती गिरवायची. हे भलतंच अवघड असतं, हात उलट्या दिशेला पळतो. तीन दिवस सराव झाला. हेन्रीला प्रत्येक वेळी वाटे, आपण हे पहिल्यांदाच करतोय. पण त्याचा हात दर दिवशी जास्त सफाईने चालत होता. डोक्याला आठवण नाही आणि हाताला मात्र आहे, असा हा प्रकार. करण्याची आठवण आणि सांगण्याची आठवण मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो, याचा तो पहिला ठसठशीत पुरावा होता.

करण्याच्या आठवणीचं मोठं काम चालतं मेंदूच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असलेल्या अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत. नावाला लहान. २००९ साली झालेल्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज एकट्या या लहान मेंदूत असतात. ज्या भागाचं मुख्य काम कविता, हिशेब किंवा भांडण हे नाही, त्याला निसर्गाने एवढी प्रचंड फौज दिली आहे. क्लच किती सोडायचा, त्याच क्षणी अॅक्सिलरेटर किती द्यायचा, भरलेली गाडी चढावर मागे सरकू लागली तर पाऊल केसभर कुठे हलवायचं, यांतली बरीच गणितं तिथे होतात. आणि एकदा बसली की बसली. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस वीस वर्षांनी उडी मारली तरी बुडत नाही, त्यातलीच ही गोष्ट.

प्रयोगही हेच सांगतात. फ्लाइशमन आणि पार्कर या दोघांनी १९६२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विमान चालवण्यासारखं, सतत दांडा हलवत निशाण पकडून ठेवण्याचं काम त्यांनी काही तरुणांना पक्कं शिकवलं आणि मग काहींना ९, काहींना १४ तर काहींना २४ महिने त्या यंत्राला हातही लावू दिला नाही. परत आल्यावर त्यांचं कौशल्य जवळपास जसंच्या तसं होतं. जी थोडी घसरण झाली होती ती काही मिनिटांच्या सरावात भरून निघाली.

इथवर गोष्ट गोड आहे. परतणाऱ्या ड्रायव्हरचा आत्मविश्वासही इथेच चढतो. मला सांगायचं आहे ते यापुढचं.

सतत चालणारी कामं टिकतात, पण एकामागून एक पायऱ्यांची कामं फार लवकर पुसली जातात. स्टेअरिंग धरण्यात प्रत्येक हालचाल पुढच्या हालचालीला ओढून आणते. गाडी उजवीकडे गेली की हात डावीकडे जातोच. पायऱ्यांच्या कामात एक पायरी दुसरीची आठवण करून देत नाही. छाती दाबून हृदय चालू करण्याचं प्रशिक्षण घेतलेली माणसं काही महिन्यांतच त्यातले टप्पे चुकू लागतात, हे वारंवार दिसलं आहे. आता ट्रकवाल्याची सकाळ डोळ्यांसमोर आणा. ऑइलची पट्टी ओढून बघायची. रेडिएटरचं पाणी. हवेच्या टाकीतलं साठलेलं पाणी सोडायचं. मागच्या जोडचाकांतला आतला टायर रॉडने वाजवून ऐकायचा, कारण बाहेरच्या टायरच्या आधाराने आतला पंक्चर टायर उभा राहतो आणि डोळ्यांना फसवतो. व्हीलचे नट. स्प्रिंगच्या पाट्याची पानं तुटलीत का. ताडपत्रीची दोरी. एकेकाळी हे सगळं चहा पिता पिता होत असे. दहा वर्षांनी त्यातल्या दोन-तीन गोष्टी हमखास सुटतात, आणि काय सुटलं हे सुटलेल्याला कळत नाही. गाडी तर सुरू झालेली असते.

पुढे कानाचा भाग येतो. जुन्या गाड्यांत खालचा गिअर टाकायचा तर डबल क्लच मारावा लागे: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अॅक्सिलरेटरचा एक ठोसा द्या, इंजिनचे फेरे वर येऊ द्या, पुन्हा क्लच आणि मग गिअर. दोन फिरत्या दातेरी चक्रांचा वेग जुळला तरच गिअर लोण्यासारखा पडे. नाही तर गिअरबॉक्स असा काही करकरे की शेजारचा क्लीनरही तोंड फिरवी. हा वेग कुठल्या काट्यावर पाहायचा नसे. तो इंजिनच्या आवाजातून ओळखायचा असे. म्हणजे त्या पिढीच्या हातांत जे कौशल्य होतं, त्याची दुसरी बाजू कानांत होती. आता नव्या गाडीत चक्रांचा वेग आपोआप जुळवणारं सिंक्रोमेश आहे, अॅक्सिलरेटर तारेऐवजी इलेक्ट्रॉनिक संदेश पाठवतो, केबिनची काच बंद असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीचं झालं आहे. चालकांच्या तब्येतीसाठी ही फार चांगली गोष्ट झाली. विदर्भातल्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून ज्याने गाडी चालवली आहे त्याला विचारा. पण कानाने गाडी चालवणाऱ्या माणसाचं एक इंद्रिय त्या बंद काचेमागे मुकं होतं. सुरुवातीचे काही दिवस त्याला आपण किती वेगात आहोत याचा अंदाज कमी येतो, कारण तो वेग पाहत नव्हता, ऐकत होता.

आणि मग ते नवल, जे मला सगळ्यांत मोठं वाटतं. पक्का ड्रायव्हर ट्रकमध्ये बसत नाही, ट्रक होतो. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. १९११ साली हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी मांडलं की मेंदूत आपल्या शरीराचा एक जिवंत नकाशा असतो आणि तो कातडीपाशी संपत नाही. बाईच्या टोपीवरच्या पिसापर्यंतसुद्धा तो पसरतो. १९९६ साली जपानमध्ये आत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी हे चेतापेशींच्या पातळीवर पाहिलं. माकडांना दाताळ्याने लांबचं खाणं ओढायला शिकवलं. आधी ज्या पेशी फक्त हाताभोवतीच्या जागेला प्रतिसाद देत होत्या, त्या आता दाताळ्याच्या टोकापर्यंतच्या जागेला प्रतिसाद देऊ लागल्या. माकडाच्या मेंदूपुरता त्याचा हात लांब झाला होता. वापर थांबला की ती जागा पुन्हा आक्रसत असे.

उमरेडच्या गावातल्या एखाद्या अरुंद वळणावर दहाचाकी वळताना बघा म्हणजे याचा अर्थ कळेल. मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आत कापतात. म्हणून ड्रायव्हर आधी गाडी उलट बाजूला फाकवतो, नाक जवळजवळ समोरच्या दुकानाला टेकवतो आणि मग वळवतो. डावीकडची मागची चाकं त्याला नीट दिसतही नाहीत. तो बसलाय उजवीकडे, दीड माणूस उंचीवर. तरी नालीच्या काठापासून टायर हातभर लांब राहतो. कारण मागचा टायर त्याच्या लेखी त्याची टाच झालेला असतो. पूर्वी याच्या जोडीला क्लीनर असे. खाली उतरून पत्र्यावर थापा मारत "येऊ दे, येऊ दे" करणारा तो पोरगा म्हणजे ड्रायव्हरच्या नकाशाचा डावा कोपरा. आता कित्येक गाड्या क्लीनरशिवाय पळतात.

ट्रक सोडला की हा नकाशा आक्रसतो. माणूस पुन्हा आपल्या कातडीएवढा होतो, फार तर मोटरसायकलएवढा. परतल्यावर हात-पाय लगेच कामाला लागतात, पण शरीर तीस फुटांचं व्हायला वेळ लागतो. त्यात जर मधल्या काळात गाडीच बदलली असेल तर जुना नकाशा उलट अडचणीचा ठरतो. ज्याने सहाचाकी चालवली आणि आता बाराचाकी हाती आली, तो आठवणीतल्या चाकांवर वळतो.

वजनाचंही तसंच. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अॅक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका अॅक्सलवर पूर्वी १०.२ टन चालत, आता ११.५ टन. सगळ्यांत मोठ्या ट्रेलरचं एकूण वजन ४९ टनांवरून ५५ टनांवर गेलं. ५५ टनांची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असताना तिच्यात किती ऊर्जा असते याचा मी हिशेब करून पाहिला. ती पूर्ण थांबवताना जी उष्णता निर्माण होते, तेवढ्यात साधं २४ लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. एका थांबण्यात. यातली बरीचशी उष्णता ब्रेकचे ड्रम आणि लायनर यांच्यात शिरते, म्हणून लागोपाठ ब्रेक दाबत राहिलं की ते पकड सोडतात आणि जाणता ड्रायव्हर वेळीच गिअर खाली घेऊन इंजिनला गाडी अडवायला लावतो. शिवाय ब्रेक हवेचे. पेडल दाबल्यावर हवा नळ्यांतून मागच्या चाकापर्यंत पोचायला क्षणाचा काही भाग जातो, आणि त्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. मधली वर्षं फक्त दुचाकी किंवा कार चालवलेल्या पायाला हा उशीर आठवत नाही. त्याला वाटतं, दाबलं की थांबेल.

डोळ्यांचं तर विचारूच नका. १९७२ साली मौरंट आणि रॉकवेल या अमेरिकन संशोधकांनी नवशिक्या आणि मुरलेल्या चालकांच्या नजरेचा माग घेतला. नवशिका गाडीच्या नाकासमोर, जवळ बघतो. मुरलेला लांब आणि रुंद बघतो. त्याला रस्त्याच्या कडेच्या ढोरामागे गुराखी असणार, थांबलेल्या एसटीपुढून माणूस धावत येणार, हे दिसण्याआधीच ठाऊक असतं. पण ही दूरदृष्टी रस्त्याच्या ओळखीवर उभी असते आणि रस्ता तोच राहिलेला नाही. नागपूर-उमरेड रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ३५३ड म्हणून ओळखला जातो. नागपूर-नागभीडची नॅरोगेज गाडी २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली आणि तिचे प्रवासी रस्त्यावर आले. २०१२ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झालं. रात्री जनावर आडवं येण्याच्या जागा आता अनुभवी माणसाला पाठ आहेत, नव्याने आलेल्याला नाहीत. आणि स्वतः डोळेही दहा वर्षांनी म्हातारे झालेले असतात. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. समोरच्या गाडीच्या झोताने दिपलेले डोळे सावरायला वयाबरोबर जास्त वेळ लागतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही. रात्रीच्या रस्त्यावरच कळतं.

गाडीभोवतीचा कारभार बदलला तो वेगळाच. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो शिकता येतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराच्या नाक्यांवरच्या रांगा गेल्या. २०१८ पासून ई-वे बिल आलं. फेब्रुवारी २०२१ पासून टोलला फास्टॅग सक्तीचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या, ज्यांना डिझेलबरोबर 'युरिया' भरावा लागतो; तो संपू दिला की इंजिन आपली ताकदच कमी करून घेतं. जुन्या माणसाची सवय अशी की डॅशबोर्डवरचा दिवा लागला तरी गाडी ओढतेय ना, मग चला. नव्या गाडीत त्या दिव्याचं ऐकावं लागतं. हे चार दिवसांत समजतं.

आता मला सगळ्यांत खटकणारी गोष्ट. उमरेडच्या खाणीच्या आत कायदा वेगळा आहे. १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार एखादा कामगार वर्षाहून जास्त काळ कामापासून दूर राहिला तर त्याला पुन्हा कामावर घेण्याआधी उजळणीचं प्रशिक्षण द्यावंच लागतं. तो किती जुना, किती पटाईत, हे विचारात घेतलं जात नाही. वर्ष गेलं म्हणजे काही तरी निसटलं असणार, हे नियम गृहीत धरतो. साठ वर्षांपूर्वी हा नियम लिहिणाऱ्यांना माणसाच्या आठवणीची केवढी समज होती!

फाटकाबाहेर डांबरी रस्ता लागला की गणित बदलतं. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका वर्षाची अट आहे, पण ती परवान्यासाठी. परवान्याची मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. पण ज्याने दर खेपेला वेळेवर नूतनीकरण केलं, डॉक्टरचा दाखला जोडला, त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू शेवटचा ट्रक कधी चालवलास? ट्रान्सपोर्टचा परवाना आता पाच वर्षांसाठी मिळतो. तो दहा वर्षांत दोनदा नवा करून घेणारा माणूस या काळात स्टेअरिंगला शिवलेलाही नसू शकतो आणि उद्या सकाळी ५५ टनांचा ट्रेलर घेऊन निघू शकतो, पूर्णपणे कायदेशीर. पेट्रोल, गॅस, रसायनं अशा धोकादायक मालासाठी मात्र याच कायद्यात दर तीन वर्षांनी एक दिवसाच्या उजळणीची अट आहे. म्हणजे उजळणीची गरज कायद्याला कळत नाही असं नाही. कोळशाच्या, गिट्टीच्या, रेतीच्या गाडीसाठी तिची गरज आहे, हे अजून त्यात लिहिलेलं नाही.

रस्त्याला खाणीचा नियम लागू व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मोजायचं ते स्टेअरिंगपासून दूर गेलेलं वर्ष, कार्डावर छापलेलं नव्हे. कारण हेन्री मोलेसनच्या गोष्टीतून उलट दिशेनेही शिकायला मिळतं. हाताची आठवण डोक्याला काही कळवत नाही. आपण काय विसरलो हे ड्रायव्हर आत डोकावून ओळखूच शकत नाही. त्याला फक्त एवढंच जाणवतं की हात चालतायत, पाय चालतायत, म्हणजे सगळं जागेवर आहे. या बाबतीत प्रामाणिक माणूसही स्वतःबद्दल चुकीची साक्ष देईल.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर उमरेडच्या आणि कुठल्याही गावच्या गाडीमालकांना माझी हात जोडून विनंती आहे. जुना ड्रायव्हर परत आला की "तू तर आपला पक्का माणूस" म्हणून पहिल्याच रात्री भरलेली गाडी त्याच्या हाती देऊ नका. आधी रिकामी गाडी द्या, दिवसाची द्या, रोजच्या ओळखीच्या रस्त्यावर द्या. शेजारी चालू हाताचा एक माणूस बसवा आणि त्याला सांगा, फक्त स्टेअरिंगकडे बघू नकोस, याची नजर किती लांब जाते तेही बघ. सकाळची तपासणी दोघांनी मिळून मोठ्याने बोलत करा. मग भरलेली गाडी, आणि रात्र सगळ्यांत शेवटी. आणि दादा, परत येणारे तुम्ही असाल, तर पहिल्या दिवशी गाडी निघाली म्हणून तयार झालो असं समजू नका. वळणावर मागचं चाक कुठे आहे हे आरशात न बघता कळायला लागेल, त्या दिवशी मालकाला सांगा की आता भरा.